‘वन डे इन सप्टेंबर’ बघू नका म्हणणाऱ्यांना

सह्यवारा:
‘अतिरेक्यापुढे माइक धरणारा माहितीपट बघूच नये,’ असं काल इथे कुणी लिहिलं. रात्रभर डोक्यातून जाईना, म्हणून लिहितोय. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये पॅलेस्टिनी अतिरेक्यांनी इस्रायली खेळाडूंना ओलीस धरलं, त्या हल्ल्यातला एक अतिरेकी जमाल अल-गाशे त्यात चेहरा लपवून बोलतो, केल्याचा अभिमान आहे म्हणतो. तळपायाची आग मस्तकात जाते. पण त्यातच मारले गेलेले इस्रायली तलवारबाजीचे प्रशिक्षक आंद्रे श्पित्झर यांची बायको अँकीही बोलते. शत्रुदेश असूनही आंद्रे लेबनॉनच्या खेळाडूंशी बोलायला आपणहून गेला, हे सांगताना तिचा चेहरा बघा. आणि जर्मन पोलिसांचा कारभार! विमानतळावर समोर आठ अतिरेकी, यांचे नेमबाज पाच, तेही वायरलेसशिवाय. अतिरेक्यांसाठी उभ्या केलेल्या विमानात दबा धरलेले पोलीस ऐन वेळी आपसात मत घेऊन उतरून गेले. ११ इस्रायली गेले, एक जर्मन पोलीसही. हे बघायचंच नाही?

मीरा_ठाणे:
ते मीच लिहिलं होतं. मृतदेहांच्या फोटोंवर रॉक संगीत वाजवणं तुम्हाला चालतं? ती कुणाची तरी माणसं आहेत. आणि पकडलेले तिघे अतिरेकी त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला विमान अपहरणानंतर सुटले, त्यात जर्मन सरकारचं संगनमत होतं हा तर्क किती ठासून मांडलाय!

जुना_डोंबिवलीकर:
खरा गुन्हेगार टीव्ही. ट्रॅकसूट घातलेले पोलीस छतावर चढताना थेट प्रक्षेपणात अतिरेक्यांनाही दिसले, कारवाई गुंडाळावी लागली. २६/११ ला तेच. माझा मावसभाऊ हॉटेलात अडकला होता, टेबलाखालून मेसेज करत होता. एका वाहिनीवरची बाई पाहुणे कुठल्या हॉलमध्ये लपलेत ते सांगत होती. मावशी टीव्हीच्या काचेवर हात आपटून ‘गप्प बस गं, गप्प बस’ ओरडत होती.

पत्रकार_नाशिक:
काका, दरवेळी आमच्यावरच खापर? म्युनिकला खोल्यांची वीज कुणी तोडली नाही, हे काम पोलिसांचं होतं. २६/११ च्या पहिल्या रात्री अधिकृत माहिती द्यायला माणूस नव्हता. आम्हीही गोळ्यांसमोर उभे होतो.

जुना_डोंबिवलीकर:
माहिती नाही तर तोंड बंद ठेवायचं! नरिमन हाऊसवर कमांडो उतरताना दाखवले, तिकडे पाकिस्तानात सूत्रधार टीव्ही बघून फोनवर सूचना देत होते. कसाबच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्यांना झोडपलंय, २०१२ साली. वाचा.

पत्रकार_नाशिक:
वाचलंय. त्या प्रक्षेपणाचं समर्थन मी करणार नाही. पण ‘खरा गुन्हेगार’ हा शब्द मागे घ्या. गोळ्या आम्ही झाडल्या नाहीत.

जुना_डोंबिवलीकर:
तेवढा शब्द घेतला मागे. बाकी एक अक्षर नाही.

मीरा_ठाणे:
धागा म्युनिकचा आहे हो!

सह्यवारा:
मीराताई, संगीताचं मान्य, मलाही ते खुपलं. संगनमताबद्दल मात्र त्या सरकारची बाजू घ्यायला माझी जीभ वळत नाही. जर्मनीच्या राष्ट्राध्यक्षांनी माफी मागितली २०२२ मध्ये. ऑलिंपिकच्या उद्घाटनात या माणसांसाठी पहिल्यांदा शांतता पाळली ती टोकियोत, २०२१ ला. अँकी तोवर ४९ वर्षं तेवढंच मागत होती.

मीरा_ठाणे:
अँकीसाठी बघेन. तो अल-गाशे बोलायला लागला की आवाज बंद करून.