१९ नंबर सेट, आखूड रॉड आणि खाली कातळ... अर्थिंग कसं करायचं?

धायरीकर:
मंडळी, दुसऱ्या महायुद्धातला वायरलेस सेट नंबर १९ मार्क ३ आहे माझ्याकडे, व्हेरिओमीटरसकट (अँटेना जुळवायची फिरती कॉइल). हॅम (हौशी रेडिओ) लायसन्स आहे. ४० मीटर बँडवर (७ मेगाहर्ट्झच्या आसपास) ऐकू मस्त येतं पण ८ फुटी अँटेना रॉडवर ट्रान्समिट केलं की कोथरूडच्या पलीकडे कोणी उत्तरच देत नाही. आमच्याकडे दोन फुटांवर मुरूम, मग काळा कातळ, अर्थ रॉड आत जातच नाही. खड्डा करून मीठ-कोळसा भरू का?

व्हॉल्व्हवेडा:
नका भरू. मीठ-कोळसा विजेच्या अर्थिंगला ठीक, आरएफला (रेडिओच्या उच्च वारंवारतेच्या करंटला) त्याने फार फरक पडत नाही. हिशोब बघा, ८ फूट म्हणजे २.४ मीटर आणि ७.१ मेगाहर्ट्झला तरंगलांबी ४२ मीटर, एवढ्याशा रॉडचा रेडिएशन रेझिस्टन्स (पॉवर हवेत पाठवणारा रेझिस्टन्स) जेमतेम सव्वा ओहम. अर्थचा लॉस ३० ओहम आणि कॉइलचा ५ धरला तर शंभरातले साडेतीन भाग हवेत जातात, बाकी सगळी पॉवर माती आणि कॉइल तापवते!! हा सेट मुळात रणगाड्यातला, तिथे रॉडखाली अख्खं लोखंडी धूड काउंटरपॉइज (अर्थच्या जागी काम करणारा धातू) म्हणून असायचं, ते तुम्हाला तारांनी उभं करायचंय. साधी इन्सुलेटेड वायर घ्या, ५-५ मीटरचे आठ-दहा तुकडे सेटच्या अर्थ टर्मिनलपासून चहूबाजूंनी जमिनीवर पसरा. जमिनीवरच्या तारा मोजून कापायची गरज नाही, आखूड चालतील पण भरपूर हव्यात. व्हेरिओमीटरचं ट्यूनिंग आधीपेक्षा टोकदार झालं की समजा लॉस कमी झाला.

टेकडीवाला:
तारा पसराच, पण दादा त्याआधी रॉड वाढवा. रेडिएशन रेझिस्टन्स लांबीच्या वर्गाने वाढतो, ८ चे १६ फूट केले की चौपट. १० मीटर तार उभी टांगता आली तर पाव तरंगलांबी होते, ३६ ओहमच्या आसपास, मग अर्थ ३० ओहमचा राहिला तरी निम्म्याहून जास्त पॉवर बाहेर पडते.

धायरीकर:
उभी तार अवघड आहे, गच्ची आहे फक्त. आणि मला बोलायचंय कोल्हापूर-नाशिककडे.

व्हॉल्व्हवेडा:
अहो मग गच्चीवर आडवा डायपोलच (मधोमध सेटला जोडलेली तार) टाका, १०-१० मीटरच्या दोन बाजू, त्याला अर्थ लागतच नाही. कमी उंचीवरचा डायपोल वर आकाशाकडे सिग्नल फेकतो, तो दिवसा आयनोस्फिअरवरून (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून) परत खाली येतो आणि दोन-तीनशे किलोमीटरला तेच हवं. फक्त मेन्सच्या पॉवर सप्लायचं अर्थिंग काढू नका, आणि वळवाच्या दिवसात ढग दिसले की अँटेना सेटपासून सोडवून ठेवा.