मदत हवी आहे – कमी चाललेली स्पोर्ट्स कार विकायचीय, अर्जंट

मांजराकाठ: गाडी विकायचीय. दोन सीटर, वरचं टप कापडी, 11 हजार किमी पण पूर्ण नाही, एक ओरखडा नाही, शेडमधी झाकून ठेवलेली. ऑनलाइन जाहिरात टाकली तर नुसते "लास्ट किती" वाले येऊ लागलेत अन् एका डीलरनं न बघताच 90 हजार सांगितले. खरं गिऱ्हाईक कुठं मिळतं अन् किंमत काय सांगू, एवढंच सांगा. पुढच्या महिन्यात शेड पाडायचंय, बाकी ज्ञान नको.

गिअर_पाचवा: गाडी कोणती ते लिहिलंच नाही की मालक.

मांजराकाठ: फोटो टाकलाय ना वर, दिसंना का? सॅन स्टॉर्म. लाल.

बिंदुसरा_बीड: गोव्यात बनायची ती फायबर बॉडीवाली? लई दिवसांनी नाव ऐकलं. कामून विकू लागलात? वरातीला द्या की भाड्यानं, आजकाल घोड्यावर कुणी बसंना.

जालना_लोखंडवाला: पांढऱ्या पाटीच्या गाडीला भाड्यानं देता येत नाही बाप्पा. आरटीओवाल्यानं धरली की वरात राहील बाजूला.

शेंद्रा_टर्बो: स्पष्ट बोलतो, राग मानू नका. दिसायला स्पोर्ट्स, आत रेनोचं 1149 सीसी इंजिन अन् 60 च्या आसपास बीएचपी. कलेक्टिबल, म्हणजे जपून ठेवायची गाडी म्हणजे स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस 245, 2020 ला भारतात फक्त 200 आल्या होत्या, 245 पीएसची ताकद! मी शेंद्र्यात स्कोडाच्या प्लँटशेजारी नोकरी केलीय, गाडी काय असते मला सांगू नका.

गिअर_पाचवा: ऑक्टाव्हियाचं विचारलंय कुणी? आणि 200 आल्या तरी ती पाच सीटर सेडानच. स्टॉर्म घेणारा पळवायला घेतच नाही, आपल्याकडं बनलेली उघडी दोन सीटर म्हणून घेतो. मांजराकाठ दादा, साल कोणतं, पासिंग कुठलं, आरसीवर नाव कुणाचं, गाडी चालू होते का? ह्याच्याशिवाय किंमत कोण सांगणार?

मांजराकाठ: 2003. एमएच 12. मामाची आहे. किंमतीचं बोला ना.

उदगीरकर_वकील: मामा हयात आहेत का?

मांजराकाठ: नाहीत. वारले. मामी लातूरला आमच्याकडंच असतात, विका म्हणल्यात त्या.

उदगीरकर_वकील: मग आज ही गाडी तुम्ही विकूच शकत नाही. आधी वारसाच्या नावावर घ्यावी लागेल, त्याला फॉर्म 31, मृत्यू दाखला, बाकीच्या वारसांची संमती. तिथून पुढं विक्रीचे 29 आणि 30. त्यात 2003 ची म्हणजे नोंदणीची 15 वर्षं 2018 लाच संपली. रिन्यू केली होती?

मांजराकाठ: नसंल केली. चालवलीच नाही तर कशाला करतील.

उदगीरकर_वकील: चालवा नाहीतर झाका, घड्याळ चालूच राहतं. फॉर्म 25 भरून गाडी आरटीओत दाखवावी लागते. ऑगस्ट 2025 पासून 20 वर्षांवरच्या कारला रिन्यूअलची फीच 10 हजार आहे, पर्यावरण कर वेगळा, उशिराचा दंड महिन्याच्या हिशोबानं, हाय सिक्युरिटी नंबर प्लेटही लागणार. आणि चालवत नेऊ नका, विमापण नसेल. टोइंगवर टाकून न्या.

बिंदुसरा_बीड: एवढ्या भानगडीपेक्षा व्हिंटेजमधी नोंदवा ना, माझ्या साडूनं जुन्या जीपची केलीय.

उदगीरकर_वकील: व्हिंटेजला 50 वर्षं लागतात. ही 2053 ला होईल. 😀

जालना_लोखंडवाला: माझं ऐका, चार टायर नवे, फुल डेंटिंग-पेंटिंग, पॉलिश. लग्नाच्या सीझनला नगदी पैशावाला शेतकरी उचलतो, कागदं नंतर बघत बसतो.

गिअर_पाचवा: पेंटिंगला हातबी लावू नका!! कंपनीचा कलर हाच तर सगळा पैसा आहे, फायबरवर लोकल गॅरेजवाल्यानं पुट्टी भरली की जुन्या गाड्या जमवणारा कलेक्टर फोनच ठेवून देतो.

जालना_लोखंडवाला: कलेक्टर लातूरला येणार आहे का? माझी 118 एनई गाडी मी असंच चकाचक करून विकली, दोन दिवसात गेली.

गिअर_पाचवा: ती प्रीमियर होती, हिला पुढची काच फुटली तर दुसरी शोधायला कुठं जाणार?

उदगीरकर_वकील: आणि नगदीचं बघून घ्या. एका व्यवहारात दोन लाख किंवा वर रोख घेतली की आयकर कायद्याखाली तेवढाच दंड घेणाऱ्याला, म्हणजे मामींना. बँकेतूनच घ्या.

मांजराकाठ: बरं. कागदं करतो. पण चालू तर करून बघतो आज, बॅटरी ट्रॅक्टरची लावून.

मिस्त्री_परभणी: थांबा थांबा. स्टार्टर मारू नका. किती दिवस उभी हाय ते सांगा आधी. टाकीतलं पेट्रोल काढून टाका, जुनं पेट्रोल चिकट होऊन इंजेक्टर जाम करतंय. ऑइल बदला, प्लग काढून हातानं इंजिन फिरतं का बघा, टायमिंग बेल्ट किलोमीटर कमी असले तरी वयानं जातो, तुटला तर इंजिनचं वरचं काम निघू शकतं. उंदरांनी वायरिंग खाल्लंय का तेबी बघा, अन् फायबर गंजत नसलं तरी खालचा सांगाडा लोखंडाचाच हाय, टॉर्च मारून बघा तिथं. नंतर नवीन पेट्रोल भरलं की पाइपांवर नजर ठेवा, आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं ई20 च येतंय, ह्या गाडीचं रबर त्याच्यासाठी नाही.

गिअर_पाचवा: बरोबर. आणि 11 हजार हे नुसतं मीटर म्हणतंय का सर्व्हिस बुकातबी आहे? जुनी बिलं, पीयूसी, विम्याची कागदं शोधा. टायरवर चार आकडे असतात, 2403 असलं तर 2003 चा 24 वा आठवडा. तसेच असतील तर फेकू नका, चालवायच्या लायकीचे नाहीत पण गाडी खरंच उभी होती त्याचा पुरावा तोच. पेडलच्या रबराचा क्लोजअप टाका.

मांजराकाठ: पुस्तक मामीच्या ट्रंकेत असंल. सर्व्हिसची बिलं आहेत, मामा लई चोख होते. तरी आकडा सांगाच ना एक.

गिअर_पाचवा: कागदं नसताना आकडा म्हणजे त्या डीलरचाच आकडा. आरसी मामींच्या नावावर झाली, गाडी सुरू झाली की पुण्या-मुंबईच्या जुन्या गाड्यांच्या क्लबात फोटो द्या, दोघंतिघं स्वतः बघायला आले की किंमत आपोआप निघते. तोवर शेड पाडणं पुढं ढकला.

बिंदुसरा_बीड: आमच्या जीपच्या साडूला दाखवू का फोटो? त्याला फक्त स्टेअरिंग पाहिजे होतं कुठल्यातरी स्पोर्ट्स कारचं.