शब्दचर्चा: बॅटरी उतरते, झिजते की जीर्ण होते?

प्रश्न:
लिथियम-आयन बॅटऱ्या काळानुसार कशा खराब होत जातात, यावर माझं पीएचडीचं काम चालू आहे. प्रबंध इंग्रजीत आहे. मराठीत सारांश लिहायला घेतला आणि शीर्षकातच अडले. 'डिग्रेडेशन'ला काय म्हणू? अवनती, ऱ्हास, क्षय, अपघटन एवढे शब्द सुचलेत. 'बॅटरीची अवनती' वाचलं की तिला वाईट संगत लागली असावी असं वाटतं. बोलताना सगळे 'बॅटरी उतरली' म्हणतात, ते चालेल?

प्रतिसाद:
'उतरली' नको. उतरलेली बॅटरी चार्ज केली की ताळ्यावर येते. तुमच्या विषयातली गेलेली क्षमता बहुतेक परत येत नाही ना? 'अपघटन'ही सोडा. तो शब्द शाळेच्या पुस्तकांनी विद्युत अपघटनासाठी अडवलाय, शिवाय इलेक्ट्रोलाइटचं, म्हणजे आयन वाहून नेणाऱ्या आतल्या द्रवाचं, अपघटन हे तुमच्या बॅटरीच्या दुखण्याचं एक कारण आहे. दुखण्याला आणि कारणाला एकच नाव दिलंत तर तिसऱ्या पानावर गोंधळ. सरळ 'झीज' म्हणा.

प्रश्नकर्ती:
झीज मलाही आवडला होता. पण झिजायला घासावं लागतं, वापर लागतो. पायरी झिजते, सहाण झिजते. बॅटरी नुसती पडूनही खराब होते. पूर्ण चार्ज करून उष्ण जागी ठेवली तर लवकरच. ग्राफाइटच्या इलेक्ट्रोडवर पहिल्या काही चार्जिंगमध्येच एक पातळ थर धरतो. त्याला एसईआय (सॉलिड इलेक्ट्रोलाइट इंटरफेज) म्हणतात, हे नाव रसायनशास्त्रज्ञ पेलेड यांनी 1979 मध्ये दिलं. हा थर हवाच असतो, कारण तो इलेक्ट्रोलाइटला ग्राफाइटपासून दूर ठेवतो. पण तो हळूहळू जाड होत राहतो आणि तेवढं लिथियम त्यात अडकून पडतं. लिथियम कुठे गेलेलं नसतं, कामाचं मात्र उरत नाही. याला 'तूट' म्हणावं की 'गळती'?

प्रतिसाद:
गळती नाहीच, बाहेर काही पडतच नाही. 'बुडीत लिथियम' म्हणा, बुडीत कर्जासारखं. वहीत दिसतं, हातात येत नाही. आणि मुख्य शब्दाला 'घसारा' का नको? यंत्र वापरा न वापरा, घसारा लागतोच.

प्रश्नकर्ती:
'बुडीत' उचलला! घसारा मात्र हिशेबासाठी ठरवून घेतलेला आकडा असतो, बॅटरी असं काही ठरवून चालत नाही. थर जसा जाड होतो तशी त्याचीच वाढ मंदावते, साधारण काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. म्हणून क्षमता आधी भरभर घटते, मग रेंगाळते, आणि कधी कधी पुढे एकदम कोसळते. आलेखातल्या त्या वळणाला मी बिनदिक्कत 'गुडघा' लिहिलंय.

प्रतिसाद:
मग दोन शब्द ठेवा. चार्ज-डिस्चार्जच्या फेऱ्यांनी होते ती झीज. तिथे घासणं नसलं तरी ताण आहे: लिथियम आत शिरताना ग्राफाइट सुमारे 10 टक्के फुगतो, सिलिकॉन तर तिप्पट-चौपट, आणि कण तडकतात. नुसत्या काळाने होतं ते 'जीर्ण होणं'. जीर्ण आणि जरा एकाच धातूपासून आलेत, म्हणजे वय त्या शब्दातच आहे. दोन्हींवर छत्री म्हणून 'ऱ्हास'. 'क्षय' मी टाळीन, वाचणाऱ्याला आधी खोकला आठवतो. (बॅटरी दुरुस्त करायची युक्ती सापडलीच तर 'जीर्णोद्धार' तयार आहे.)

प्रश्नकर्ती:
पटलं. शीर्षक असं: 'लिथियम-आयन बॅटऱ्यांचा ऱ्हास: वापराची झीज आणि काळाने येणारी जीर्णता'. एसईआयला कंसाबाहेर 'खपली' म्हणतेय. जखम झाकते आणि तडकली की खालून पुन्हा धरते, अगदी तसंच होतं. थंडीत किंवा फार वेगाने चार्ज केल्यावर लिथियम ग्राफाइटच्या आत न जाता वरच धातू म्हणून बसतं, त्याला 'मुलामा' लिहिलंय.

प्रतिसाद:
खपली झकास. मुलामा खोडा. मुलामा कुणीतरी हौसेने देतो, इथे तो कुणालाच नकोय. 'लिथियम साचणं' पुरे. त्यातून वाढणाऱ्या डेंड्राइटना, म्हणजे धातूच्या फांद्यांसारख्या सुयांना, मात्र 'फाटे' म्हणून बघा.

प्रश्नकर्ती:
फाटे घेतले. मार्गदर्शकांना मराठी येत नाही, त्यामुळे हरकत घेणारं कुणी नाही.