मुंबईच्या कोटाची जुनी तटरेषा आजच्या रस्त्यांवर शोधण्यासाठी मदत हवी आहे

नमस्कार. मुंबईच्या कोटाचा, म्हणजे आजच्या फोर्ट भागातील जुन्या किल्ल्याचा, तट आणि त्याभोवतीचा खंदक 1860च्या दशकात, गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत, हटवण्यात आला. त्या तटाची रेषा आजच्या रस्त्यांवर पावलोपावली चालून आखावी, असा माझा प्रयत्न आहे. काही खुणा ठळक आहेत. 1718 साली खुल्या झालेल्या सेंट थॉमस चर्चवरून ज्याला चर्चगेट हे नाव पडले, तो दरवाजा आजच्या फ्लोरा फाउंटनच्या जागी होता, आणि 1864चे ते कारंजे म्हणजे माझ्या मते या शोधातला सर्वांत भरवशाचा बिंदू आहे. उत्तरेला सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारालगत फोर्ट जॉर्जच्या भिंतीचा तुकडा अजून उभा आहे. त्या काळ्या दगडांपुढे उभे राहिले की नकाशातली रेषा एकदम खरी वाटू लागते.

अडचण आहे ती मधल्या भागाची. बाजारगेट आणि अपोलो गेट या कोटाच्या इतर दोन दरवाजांची नावे वापरात राहिली, पण तट पाडून मोकळ्या झालेल्या जमिनीवर नवे रस्ते आणि भव्य इमारती उभ्या राहिल्यामुळे बुरुजांच्या जागा पुसल्या गेल्या आहेत.

जुना नकाशा आजच्या नकाशावर बसवताना कोणते स्थिर बिंदू धरावेत? या भागातील जुनी भूमापन कागदपत्रे कोणी अभ्यासली असल्यास, ती कोठे आणि कोणत्या परवानगीने पाहता येतात, हेही कृपया सविस्तर सांगावे.