बुद्धिबळाच्या दाण्यांत लपलेला ६४१

बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा आणि पुढच्या प्रत्येक घरात दुप्पट ठेवत गेलं, की ६४ घरांत मिळून १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ दाणे होतात. शेवटी ५ आहे म्हणून ५ ने भाग जातो, बाकी या संख्येत काही मजा नाही, असं कुणी म्हणालं, ते मला पटलं नाही. ही संख्या म्हणजे २ चा ६४ वा घात वजा १. शाळेतलं (अ+ब)(अ−ब) पुन्हापुन्हा लावत गेलं की तिचे ३, ५, १७, २५७, ६५५३७ आणि ४२९४९६७२९७ असे तुकडे पडतात. पहिले पाच मूळ संख्या आहेत. सहावाही तसाच असणार, असं फर्मा या गणितज्ञाला वाटायचं. ऑयलर या गणितज्ञाने १७३२ मध्ये तो फोडला: ६४१ × ६७००४१७.

खरी गंमत ६४१ ची. ६४१ = ५×१२८ + १, आणि ६४१ = ६२५ + १६ सुद्धा! म्हणून ६४१ ने भागताना ५×१२८ ची बाकी −१, म्हणजे पूर्ण भाग जायला १ कमी. १२८ म्हणजे २ चा ७ वा घात, २^७; तेव्हा चौथा घात घ्या, ६२५ × २^२८ ची बाकी १. आता ६२५ च्या जागी −१६ टाका, की −२^३२ ची बाकी १. म्हणजेच २^३२ + १ ला, त्या सहाव्या तुकड्याला, पूर्ण भाग गेला. भागाकार न करता! मी हे पहिल्यांदा लाइटबिलाच्या पाठीमागे करून पाहिलं, आणि तरी विश्वास बसेना म्हणून कॅल्क्युलेटर काढलाच.