मदत हवी आहे: दुकानाच्या खेळात हिशेब बरोबर, वहीत दशांश चुकतात

पाचवीचा वर्ग, पट ३८. दशांश अपूर्णांकांच्या बेरीज-वजाबाकीसाठी वर्गात दुकान मांडलं आहे. किंमतपट्ट्या आहेत, खेळण्यातल्या नोटा आहेत, ५०, २५, १० आणि ५ पैशांच्या चिठ्ठ्या आहेत. दहाची नोट देऊन ३ रुपये ४५ पैशांची वस्तू घेतली, तर मुलं उरलेले पैसे अचूक मोजून घेतात. तीच मुलं वहीत असं लिहितात:

४.५ + २.३५ = ६.४०
०.८ + ०.४ = ०.१२
१० − ३.४५ = ७.५५

३.५ आणि ३.०५ मधला फरकही बऱ्याच जणांना कळत नाही. खेळात नेमकं काय बदलावं? आणि मुलांनी पैशांची नाणी कधी हाताळलेलीच नाहीत, तर हा खेळ घ्यावा का? तासिका ३५ मिनिटांची आहे.

प्रतिसाद १

ताई, मुलं दुकानात करतात ते गणित वहीतलं नव्हेच. मोड परत घेताना ती पुढे मोजत जातात: ३.४५ ला ५ पैसे, झाले ३.५०, आणखी ५० पैसे, झाले ४, वर ६ रुपये. उत्तर ६.५५ बरोबर येतं, पण यात रुपया सुटा करायची वेळच येत नाही. वहीत तो सुटा करावा लागतो, आणि तिथे गाडी अडते. ७.५५ कुठून आलं बघा: १० मधून ३ गेले ७, शंभरातून ४५ गेले ५५. पैशांसाठी रुपया मोडला, पण रुपयांतून तो कमी केलाच नाही.

म्हणून एकच नियम घाला: दुकानात मोड मिळणार नाही. गिऱ्हाइकाने आधी बँकेत जाऊन सुट्टे करायचे आणि नेमकी रक्कम द्यायची.

५०, २५ आणि ५ च्या चिठ्ठ्या काढून टाका. २५ पैशांना स्थानिक किमतीच्या तक्त्यात घर नाही. फक्त १० रुपये, १ रुपया, १० पैसे, १ पैसा ठेवा, म्हणजे दशक, एकक, दशांश, शतांश. दर वेळी दहाचा एक किंवा एकाचे दहा, दुसरी अदलाबदल नाही.

चिठ्ठ्यांऐवजी आलेख कागद वापरा. १० सेंमी × १० सेंमी चौरस म्हणजे रुपया, १० × १ ची पट्टी म्हणजे १० पैसे, १ × १ चा चौकोन म्हणजे १ पैसा. दहा पट्ट्या चौरसावर तंतोतंत बसतात. ३.५ म्हणजे तीन चौरस आणि पाच लांब पट्ट्या, ३.०५ म्हणजे तीन चौरस आणि नखाएवढे पाच चौकोन. दोन्ही शेजारी मांडले की फरक डोळ्यांना दिसतो. कागद जुन्या लग्नपत्रिकांवर चिकटवून मग कापा, नाहीतर चौकोन पंख्याच्या वाऱ्याने उडतात.

किती लागतील? दोन रकमांच्या बेरजेत एका घरात जास्तीत जास्त ९ + ९ आणि हातचा १, म्हणजे १९. तेव्हा प्रत्येक प्रकारचे २० नग एका गटाला, २० बँकेला. दहाच्या नोटा ५ पुरतात. एक-एक पैशाचे चौकोन थोडे जास्तच करा, हरवतात तेच.

तक्त्यावर चार घरं आखा. एकक आणि दशांश यांच्यामधल्या रेघेवर दशांशचिन्ह ठसठशीत रंगवा. ते जागचं हलत नाही, हे मुलांना रोज दिसू दे.

प्रतिसाद २

वरच्या मांडणीत एक भर. गटात चौघं घ्या: गिऱ्हाईक, दुकानदार, बँकवाला आणि हिशेबनीस. हिशेबनीसाने वहीत खूण केल्याशिवाय बँकवाल्याने अदलाबदल करायची नाही. १० − ३.४५ असेल तर दहाची नोट मोडून १० रुपये, त्यातला एक मोडून १० पट्ट्या, त्यातली एक मोडून १० चौकोन. तक्त्यावर आता ९ रुपये, ९ पट्ट्या, १० चौकोन. वहीतही डोक्यावर तेच ९, ९, १०. मग ३, ४, ५ उचलायचे, उरले ६.५५. हात आणि पेन्सिल सोबत चालली नाहीत, तर खेळ एकीकडे आणि वही दुसरीकडे राहते. डाव संपल्यावर सगळं एकदम लिहून घेणं हाच इथला नेहमीचा घोटाळा.

किंमतपट्ट्यांवर ४.५० न लिहिता ४.५ लिहा. दोन्हीकडे दोनच अंक असले की मूल उजवीकडून बेरीज करून सुटतं, त्याची स्थानाची समज तपासलीच जात नाही. क्रम असा ठेवा: ३.२५ + २.४ (हातचा नाही), ३.२५ + २.४८ (शतांशाचा हातचा), ४.५७ + २.६८ (दोन्ही घरांत), मग ०.८ + ०.४. शेवटच्यात १२ पट्ट्या जमतात, दहा देऊन एक रुपया येतो, उरतात दोन, ०.१२ लिहायला जागाच राहत नाही. एका तासिकेत असे तीन-चार व्यवहार पुष्कळ झाले.

आणि ‘रु. ५.६५ पैसे’ हे लिहू देऊ नका. रु. ५.६५ किंवा ५ रुपये ६५ पैसे. दोन्ही एकत्र आले की ठिपका म्हणजे रुपये-पैशांमधलं कुंपण, असं मुलं धरून चालतात.

धागाकर्ती

फार उपयोगी. पण ३८ मुलं म्हणजे चौघांचे नऊ गट आणि दोघं उरतात. आणि नाण्यांचं काय?

प्रतिसाद १

दोन गट पाच-पाचांचे करा, त्यांत हिशेबनीस दोन. दोघांनी स्वतंत्र लिहून ताळा करायचा.

नाण्यांचं म्हणाल तर २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली. ५० पैसे कायद्याने चालतात, पण दिसत नाहीत. त्यामुळे मुलांची आठवण गृहीत धरू नका. १ रुपया = १०० पैसे हे आधी चौरसावर पट्ट्या रचून, मोजून घ्या. ही दशमान पद्धतही १ एप्रिल १९५७ पासूनची. त्याआधी रुपयाचे १६ आणे, ६४ पैसे होते. आजीकडे जुनी नाणी असतील तर बघायला जरूर आणू द्या, खेळात मात्र नको.

प्रतिसाद ३

माझा आग्रह वेगळा आहे. पैशांवर फार काळ थांबू नका. रुपया शतांशापाशी संपतो, त्यामुळे ०.१२५ आणि ०.३ यांत मोठं कोणतं विचारलं की मुलं ०.१२५ म्हणतात, कारण १२५ मोठे! बेरीज-वजाबाकी बसली की मीटरपट्टी घ्या: १० सेंमी दशांश, १ सेंमी शतांश, १ मिमी सहस्रांश. ०.१२५ म्हणजे साडेबारा सेंमी, ०.३ म्हणजे तीस. वाचतानाही ‘शून्य पूर्णांक एक दोन पाच’ असं सुटं वाचून घ्या.

गुणाकारात पैसे एका मर्यादेपर्यंतच चालतात. १.२५ × ८ = १० ठीक. १० पट करताना प्रत्येक नग डावीकडच्या घरात सरकवा: ३.४५ चे ३४.५. अंक सरकतात, ठिपका जागीच. पण ०.३ × ०.२ पैशांत दाखवता येत नाही, कारण पैसे गुणिले पैसे याला अर्थच नाही. तिथे तोच १०० घरांचा चौरस घेऊन ३ उभ्या आणि २ आडव्या ओळी रंगवा. दोनदा रंगलेली ६ घरं म्हणजे ०.०६.

गावाकडची शाळा असेल तर डेअरीची दूध पावती आणायला सांगा. फॅट ३.५, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) ८.५, ६.५ लिटर, दर समजा ३४.२० रुपये. रक्कम २२२.३० येते का ते मुलं घरी पडताळतील, आणि ६.५ लिटर म्हणजे ६ लिटर ५ मिली नव्हे, हेही तिथेच निघेल.