पाव गोळी म्हणजे नक्की किती? मुलांवर औषधांच्या चाचण्या व्हाव्यात की नाही?

चतकोर:
औषधांच्या काउंटरमागे उभं राहणं हा माझा धंदा. मोठ्यांची गोळी, आणि चिठ्ठीवर लिहिलेलं असतं ‘पाव, साखरेच्या पाण्यातून’. गोळीला रेघ एकच, म्हणजे अर्धी नीट होते. पाव करायला गेलं की एक तुकडा मोठा, एक बारका, उरलेला भुगा बोटाला. लेकराच्या पोटात किती गेलं, कोणालाच सांगता येत नाही.

म्हणून माझं मत सरळ आहे. मुलांना द्यायची औषधं मुलांमध्येच तपासली पाहिजेत. ‘लेकरांवर प्रयोग नकोत’ म्हणणाऱ्यांना विचारतो, ही पाव गोळी प्रयोग नाही तर काय आहे? फरक एवढाच, की इथे नोंदवही नाही.

वजनाच्या हिशेबाने डोस कमी केला की झालं, हाही भ्रमच. 1950च्या दशकात नवजात बाळांना क्लोरॅम्फेनिकॉल हे जंतुसंसर्गावरचं औषध असंच हिशेबाने दिलं गेलं. बाळाचं यकृत ते औषध निकामी करण्याइतकं तयार झालेलं नसतं. औषध रक्तात साचत गेलं, बाळं राखाडी पडली, दगावली. उलटही घडतं. फिट्सवरचं गॅबापेंटिन 3-4 वर्षांच्या मुलाला दिवसाला किलोमागे 40 मिलिग्रॅमपर्यंत लागतं, 5 वर्षांपुढे 25 ते 35 पुरतं. लहानाला जास्त! घरबसल्या कोणाला सुचलं असतं?

कोरा अंगठा:
भुग्याचं पटलं. पण तपासणार कोण आणि कोणाच्या लेकरांवर, ते तुम्ही अलगद गाळलंत.

न्यूयॉर्कमधली विलोब्रुक ही मतिमंद मुलांची संस्था. 1956 पासून तिथे संशोधनासाठी मुलांना मुद्दाम काविळीचा विषाणू दिला. आईबापांच्या सह्या होत्या बरं का. संस्था भरली म्हणून नवे प्रवेश बंद झाले, तेव्हाही संशोधनाच्या वॉर्डात जागा मिळत होती. अशा सहीला संमती म्हणायचं?

आणि पैशाचं काय? अमेरिकेने 1997 मध्ये कायदा केला, की मुलांमध्ये अभ्यास करा आणि ते औषध एकट्याने विकायची मक्तेदारी सहा महिने वाढवून घ्या. मग कंपन्या धावल्या त्या मोठ्यांमध्ये धो धो खपणाऱ्या औषधांकडे. मुलांची निकड राहिली बाजूला.

रातपाळी:
नवजात अतिदक्षता विभागात नर्स आहे, म्हणून राहवलं नाही.

1940-50 च्या सुमारास अपुऱ्या दिवसांच्या बाळांना पेटीत सढळ हाताने ऑक्सिजन देत. अपाय होईल असं कोणाच्या मनातही नव्हतं. जगभरात सुमारे 10,000 बाळांची दृष्टी गेली. शेवटी चाचण्या झाल्या, काही बाळांना सढळ आणि काहींना मोजून. त्यातल्या एका चाचणीत रात्रपाळीच्या नर्स मोजून दिलेल्या बाळांचा ऑक्सिजन गुपचूप वाढवत, बाळ गुदमरेल म्हणून. मीही तेच केलं असतं, खोटं कशाला बोलू? माया करत होत्या बिचाऱ्या, आणि मायेनेच डोळे जात होते. ते थांबलं चाचणीने.

नंतर सगळ्यांनी हात इतका आखडला की मृत्यू वाढले. मग प्रश्न उरला, नेमका किती? 2010 साली अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचे निकाल आले. गर्भाच्या 24 ते 27 आठवड्यांतच जन्मलेली 1,316 बाळं. रक्तातला ऑक्सिजन 85-89 टक्के ठेवलेल्या गटात डोळ्यांचा गंभीर आजार कमी, पण दगावलेली 19.9 टक्के. 91-95 च्या गटात 16.2. हे आकडे नसते, तर आम्ही आजही अंदाजाने नळ फिरवत बसलो असतो.

कोरा अंगठा:
रातपाळी, उदाहरण तुम्हीच दिलंत म्हणून पुढचंही सांगतो. 2013 मध्ये तिथल्याच सरकारी देखरेख कार्यालयाने त्या चाचणीच्या संमतीपत्रांवर ताशेरे ओढले. मृत्यू आणि अंधत्व यांचा धोका पालकांना पुरेसा स्पष्ट सांगितला नव्हता, असं त्यांचं म्हणणं.

रातपाळी:
ठाऊक आहे. दोन्ही गट नेहमीच्या उपचारांच्या मर्यादेतच होते, असं म्हणून कित्येक डॉक्टर त्यावर भांडलेही. मला विचाराल तर पत्र वाईट होतं आणि चाचणी गरजेची होती.

हिशेबी:
एवढा घोळ कशाला? मोठ्यांचे आकडे घ्या, गणित मांडा, डोस काढा.

चतकोर:
हिशेबी, अर्धं काम तसंच होतं हल्ली. आजार मोठ्यांत आणि मुलांत सारखाच वागत असेल, तर गुण येतो का हे पुन्हा सिद्ध करत बसत नाहीत, डोस आणि अपाय तेवढे तपासतात. पण गणित पडताळायला रक्त लागतं. एक किलोच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून शंभर मिलिलिटरही रक्त नसतं. म्हणून कागदावर वाळवलेल्या थेंबांवर भागवायचं.

उशिराचंही सांगतो. एचआयव्हीवरचं डोल्युटेग्रॅविर अमेरिकेत मोठ्यांसाठी 2013 ला मंजूर झालं. चार आठवड्यांच्या बाळाला पाण्यात विरघळवून देता येईल अशी गोळी आली 2020 ला. सात वर्षं!

कोरा अंगठा:
घाईचाही दाखला घ्या मग. किशोरवयीनांच्या नैराश्यावर पॅरॉक्सेटिन. 2001 च्या लेखात गुणकारी आणि सुरक्षित. 2015 मध्ये इतरांनी मूळ कागद पुन्हा तपासले, तर ना गुण सापडला ना सुरक्षितता. चाचणीत मुलं होतीच की, चतकोर. नोंदवहीही होती. नोंदवही कोणाच्या कपाटात, हा माझा प्रश्न आहे. चाचण्या बंद करा असं मी म्हणतच नाही. फसलेल्या चाचणीचेही आकडे उघडे टाका, मग माझा विरोध निम्मा संपला.

कडेवर:
दोघांनाही. माझ्या लेकीला ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर होता. 1960 च्या आसपास या आजारात दहातलं एखादं मूल वाचे. आता चांगले उपचार मिळाले तर दहातली नऊच्या आसपास वाचतात. नवी औषधं थोडीच आली. जुनीच कशी आणि किती द्यायची, हे एकामागून एका चाचणीत शिकत गेले. साखरेची खोटी गोळी नाही कोणाला देत तिथे. चालू उपचार एका गटाला, त्यात छोटा बदल दुसऱ्याला.

सही मी केली. समजून केली का? नाही. रात्रीचे दोन वाजले होते, पानं उलटत होते, आणि कानात एकच, हो म्हटलं तर वाचेल. डॉक्टरीणबाईंनी कागद काढून घेतला आणि सकाळी परत आणला. तेव्हा कुठे पहिलं पान वाचलं. अंगठाभाऊ, तुमचा राग त्या दोन वाजताच्या सहीवर असेल तर मी तुमच्या बाजूची.

कोरा अंगठा:
नमस्कार, ताई. त्यावरच आहे. आठेक वर्षांच्या मुलांचा स्वतःचाही होकार घेतात असं वाचलंय. लेकीला विचारलं होतं का कोणी?

कडेवर:
विचारलं होतं. आठ वर्षांची होती. तिच्यासाठी चित्रांचं वेगळं पान होतं. तिने विचारलं, ‘किती वेळा टोचणार?’ ते नेमकं त्या पानावर नव्हतं. सुईला डोळे आणि हसरं तोंड मात्र काढलेलं. तिने त्या तोंडावर काट मारली आणि खाली नाव लिहिलं.